बाबा हसत नाहीत आणि चॅनलही बदलत नाहीत

रात्री साडेआठला आमच्याकडे ताटं वाढली जातात आणि ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ लागतं. मी सातवीत असल्यापासून हा नेम आहे. मधल्या काळात माझी बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, दोन नोकऱ्या झाल्या, घरातला डबा टीव्ही जाऊन भिंतीवरचा आला, आईच्या बीपीमुळे आमटी अळणी झाली. मालिका तीच. फरक पडला तो एकच, बाबा आता हसत नाहीत. मागच्या वर्षी मी महिनाभर मुद्दाम लक्ष ठेवलं, जेठालालवर नाही, बाबांवर. त्या महिन्यात ते एकदा हसले, तेही आमचं मांजर टीव्हीसमोर बसून जांभई देत होतं म्हणून. रिमोट त्यांच्याच मांडीजवळ असतो. तरी ते चॅनल बदलत नाहीत.

पूर्वी असं नव्हतं. ठसका लागून आईला पाणी आणायला उठावं लागेल इतके हसायचे. त्याला एक घरगुती कारण होतं. डोंबिवलीतल्या आमच्या सव्वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचे ते अकरा वर्षं सेक्रेटरी होते. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे, टाकी धुण्याच्या नोटिसा त्यांच्या अक्षरात, पार्किंगच्या रेषा त्यांनी स्वतः चुन्याने मारलेल्या. मालिका सुरू झाल्यावर सहा महिन्यांत बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांचं नाव ‘भिडे’ ठेवलं, आधी पाठीमागे, मग तोंडावर. बाबांना त्याचा राग आला नाही. उलट आत्माराम तुकाराम भिडे, ‘गोकुलधाम सोसायटी का एकमेव सेक्रेटरी’, फळ्यावर सुविचार लिहायला लागला की ते आईला म्हणायचे, ‘बघ, माझ्यावर आलंय.’

तर प्रश्न असा की विनोदी मालिका इतकी वर्षं चालली की विनोद कुठे जातो? मीम ग्रुपवर याचं उत्तर अर्ध्या सेकंदात मिळतं : ‘दया गेली आणि शो संपला.’ मला हे उत्तर अर्धंच खरं वाटतं. ते अर्धं नेमकं कुठलं, ते आधी बघू.

तारक मेहता हे गुजराती विनोदी लेखक. ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातला त्यांचा ‘दुनिया ने ऊंधा चश्मा’ हा स्तंभ 1971 साली सुरू झाला. त्यावरून 28 जुलै 2008 रोजी सब टीव्हीवर ही मालिका आली आणि आज तिचे चार हजारांहून जास्त भाग झालेत. हा आकडा नीट पचावा म्हणून शेजारी दुसरा ठेवतो. अमेरिकेतली ‘द सिम्पसन्स’ 1989 पासून चालू आहे आणि ‘लांबलेली मालिका’ म्हटलं की जगभर पहिलं नाव तिचंच येतं. तिने तीन दशकांहून जास्त काळात जेवढे भाग केले, तेवढे आपल्या गोकुलधामने पहिल्या चार वर्षांत संपवले होते. म्हणजे 2012 मध्येच ती सिम्पसन्सएवढी म्हातारी झाली होती. दया तेव्हा रोज गरबा करत होती आणि बाबांना रोज ठसका लागत होता.

त्या पहिल्या चार-पाच वर्षांत नेमकं काय होतं? मी हल्ली यूट्यूबवर जुने भाग बघतो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात येते ती पैसा. प्रत्येकाच्या खिशात किती आहेत ते आपल्याला ठाऊक असतं. जेठालालचं दुकान आहे, पण मेव्हणा सुंदर अहमदाबादहून टॅक्सी करून येतो आणि भाडं जेठालालच्या माथी मारतो. नट्टूकाका पगारवाढ मागतात आणि जेठालालला त्याच क्षणी ऐकू येईनासं होतं. भिडे शिकवण्या घेतो, माधवी लोणची-पापड विकते, ‘सखाराम’ नावाची म्हातारी स्कूटर लाथा खात चालते. टप्पूसेनेच्या बॉलने भिडेची काच फुटली की विनोद पोरांच्या खोडीत नसतो. तो असतो भिडेच्या चेहऱ्यावर, जिथे नव्या काचेची किंमत आणि शिकवणीची फी यांची वजाबाकी चाललेली दिसते. मंदार चांदवडकर ही वजाबाकी फार सुरेख करायचे. मराठी मध्यमवर्गाची टिंगल पुष्कळांनी केली आहे, पण कंजुषी आणि तत्त्व यांच्यामधला तो चिंचोळा बोळ, जिथे माणसाला स्वतःलाच कळत नाही की आपण तत्त्वाने वागतोय की पैसे वाचवतोय, तो हिंदी मालिकेत एका मराठी सेक्रेटरीच्या तोंडावर दिसावा याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

दुसरी गोष्ट भीती. जेठालाल हा पन्नाशीकडे झुकलेला, दुकानाचा मालक, एका मुलाचा बाप, आणि तो स्वतःच्या बापाला टरकून असतो. (चंपकलाल झालेले अमित भट्ट वयाने दिलीप जोशींपेक्षा लहान आहेत हे कळल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो.) सोढीच्या ‘पार्टी-शार्टी’ला जायचं तर बापूजींना थाप मारावी लागते, ती निभावायला दुसरी, मग मेहतासाहेबांना त्यात ओढायचं, मग अब्दुलच्या दुकानापुढे बैठक. आणि शेवटी बापूजींना कळतंच. थापेची भरपाई करावी लागायची. आपण हसायचो ते भरपाईचा दिवस जवळ येताना दिसायचा म्हणून.

तिसरी गोष्ट दया. दिशा वकानी यांचा तो अनुनासिक आवाज, ते ‘टप्पू के पापा’, ते ‘हे माँ माताजी’, याबद्दल सगळे बोलतात. तिच्यामुळे जेठालाल काय काय करू शकत होता, याबद्दल कोणी बोलत नाही. खिडकीतून बबिताजींकडे बघून विरघळणारा जेठालाल मालिकेच्या पहिल्या काळापासून आहे. विवाहित माणूस शेजाऱ्याच्या बायकोकडे बघून लाळ गाळतो हा तसा ओंगळ प्रसंग. तो सुसह्य व्हायचा कारण पाठीमागे स्वयंपाकघरात दया असायची, जेठालालपेक्षा कितीतरी जास्त जिवंत, आणि त्याला तिच्यावाचून पायातला मोजा सापडत नाही हे आपल्याला दिसायचं. बबिताजी म्हणजे दिवास्वप्न, दया म्हणजे घर, आणि हा गडी मधल्या जागेत ठेचकाळणार, असा तो तिपाई खेळ होता. 2017 मध्ये दिशा वकानी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहीत. कथेत दया माहेरी गेली, आणि माहेरीच राहिली. दिवास्वप्नाचा पाय तसाच ठेवून घराचा पाय काढून घेतला. खिडकीतली नजर तीच, पार्श्वसंगीत तेच, दिलीप जोशींचा अभिनय तितकाच अचूक. पण आता तिथे बायको वर्षानुवर्षं घरी नसलेला, शेजारणीकडे बघणारा एक एकटा पुरुष उभा आहे. आई अशा प्रसंगी भात वाढायच्या निमित्ताने उठते. तिने कारण कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

म्हणून मी म्हणतो, दया गेली हे अर्धं उत्तर खरं आहे, पण लोक म्हणतात त्या अर्थाने नाही. कलाकार जाणं हे दीर्घ मालिकेचं अटळ दुखणं आहे. कवि कुमार आझाद 2018 मध्ये गेले, नट्टूकाका झालेले घनश्याम नायक 2021 मध्ये गेले, टप्पू दोनदा बदलला, खुद्द मेहता बदलले. नवा माणूस आला की आपण आठवडाभर कुरकुरतो आणि मग सवय होते. दयाच्या बाबतीत पात्र बदललं नाही की मारलं नाही, नुसतं ‘येणार आहे’ असं म्हणत जागा रिकामी ठेवली. आणि तिच्याशिवाय जे विनोद उभेच राहू शकत नाहीत, ते मात्र कमी केले नाहीत.

दुसरं लोकप्रिय उत्तर ‘तेच तेच होतं’ असं असतं. हे तर मला मुळीच पटत नाही. ज्यांच्या गावात अजून तमाशा येतो त्यांना विचारा. गवळणीतली मावशी पिढ्यान्‌पिढ्या मथुरेच्या त्याच बाजाराला निघते, वाट तीच अडवली जाते, कंबरेवर हात ठेवून ती तोच तोरा मिरवते. लोकांना पुढचा प्रश्न पाठ असतो. तरी हशा पिकतो, कारण मावशी झालेला माणूस त्या पाठ प्रश्नाच्या उत्तरात त्या गावचा सरपंच, त्या आठवड्यातलं वीज बिल आणि समोर बसलेला फेटेवाला पाहुणा आणून बसवतो. साचा जुना, माल आजचा. दयाचं ‘हे माँ माताजी’ पहिल्या महिन्यातच शंभरदा होऊन गेलं होतं आणि एकशेएकाव्यांदाही ते चालायचं, कारण समोरचं संकट ताजं असायचं.

बिघाड कुठे होतो हे सिम्पसन्सच्या चाहत्यांनी फार आधी हेरलंय. त्यात होमरचा एक शेजारी आहे, नेड फ्लँडर्स. सुरुवातीला तो फक्त सज्जन होता, होमरपेक्षा सगळ्यात थोडा सरस, म्हणून होमर जळायचा. देवभक्ती हा त्याच्या स्वभावातला एक रंग होता. पुढे बाकीचे रंग पुसले गेले आणि उरला फक्त धर्मवेडा. या प्रकाराला चाहत्यांनी त्याच्याच नावावरून ‘फ्लँडरायझेशन’ म्हणायला सुरुवात केली. माणूस उकळून उकळून आटतो आणि तळाशी त्याची एक लकब राहते. तिथे कलाकार सोडून गेल्याचं निमित्तही नाही, कारण कार्टूनला वय होत नाही. तरी आटला.

आता हेच रोजच्या मालिकेत घालून बघा. स्तंभलेखकाला लेख द्यायला आठवडा मिळतो. त्या आठवड्यात भाजी महाग होते, कोणाचं लग्न मोडतं, शेजारी पाण्यावरून भांडतात. रोजच्या मालिकेच्या लेखकाला उद्या भाग द्यायचा असतो, आणि परवा, आणि त्याच्या परवा. माणसाकडे बघायला वेळ नसला की लकब हाताशी असते. म्हणून भिडेच्या चेहऱ्यावरची वजाबाकी गेली आणि ‘हमारे ज़माने में’ उरलं. पोपटलालची छत्री उरली. अय्यरचा जेठालालवरचा राग उरला, पण त्या रागामागचं कारण ताजं करायला कोणाला सवड नाही.

जी वेळ भरत नाही ती भरायला चेहरे आहेत. कोणीतरी बातमी आणतं, सोसायटीत चोर शिरलाय. कॅमेरा जेठालालवर, धडाम. मेहतावर, धडाम. मग अय्यर, भिडे, सोढी, पोपटलाल, डॉक्टर हाथी, प्रत्येकाचे डोळे विस्फारलेले, प्रत्येकाला स्वतंत्र धडाम. मग महिला मंडळ, त्यांचे धडाम वेगळे. ‘तेवढ्यात माझा अख्खा भात कालवून होतो,’ असं बाबा म्हणतात. एका वाक्याची किंमत बारा चेहऱ्यांनी वसूल केली की ते वाक्य विनोदी होतं की नव्हतं हेच विसरायला होतं.

पोपटलालवर मात्र थांबायला हवं, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नासलेला विनोद तो आहे. ‘तूफान एक्सप्रेस’चा पत्रकार, लग्नाळू, तिरसट. सुरुवातीला त्याचं लग्न न जमणं मजेशीर होतं कारण ते जमेल अशी शक्यता होती, आणि जमता जमता तो स्वतःच्या तोंडाने घोटाळा करायचा. मग स्थळं येत राहिली, ठरत राहिली, मोडत राहिली. आता नवं स्थळ आलं की घरातलं शेंबडं पोरही सांगेल, मोडणार. त्याच्या स्वभावामुळे नव्हे, तर पोपटलालचं लग्न झालं तर मालिकेचं एक दुभतं जनावर कमी होईल म्हणून. शक्यता काढून घेतली की उरतो तो एक मध्यमवयीन माणूस, ज्याला दर वर्षी नटवून बोहल्याच्या दारापर्यंत नेतात आणि मागे खेचतात. माझ्या वर्गातले तिघे सध्या गावाकडे याच अवस्थेत आहेत. शेती आहे, नोकरी नाही, मुली नकार देतात. त्यांच्यापैकी एकाला मित्र ‘पोपटलाल’ म्हणतात. तो हसतो. मी तो हसताना पाहिलाय.

मालिकेचा दात पडायला आणखी एक गोष्ट कारणीभूत झाली असं मला वाटतं, मान. 2014 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी स्वच्छ भारत अभियानासाठी जे नऊ जण निवडले, त्यात सचिन तेंडुलकर आणि सलमान खान यांच्या जोडीला ‘तारक मेहता’ची टीमही होती. हातात झाडू आला. सोसायटीतल्या खोड्या, थापा, कंजुषी यांच्यावर उभी असलेली मालिका हळूहळू सुविचार देऊ लागली. भिडेच्या फळ्यावरचा सुविचार ही आधी गंमत होती, आता भागच्या भाग त्या फळ्यासारखे झाले. शेवटी मेहता आपल्याकडे बघून बोध सांगतात तेव्हा बाबा ताट उचलतात.

आणि मार्च 2020. चंपकलाल बोलता बोलता मुंबईची भाषा हिंदी आहे अशा अर्थाचं बोलून गेले. मनसेने आक्षेप घेतला, निर्मात्यांनी माफी मागितली. राजकारण बाजूला ठेवून नुसतं विनोदाच्या अंगाने बघू. गोरेगावातल्या एका सोसायटीत एक गुजराती वडीलधारा असं बोलतो आणि त्याच सोसायटीचा सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे आहे! 2010 सालच्या लेखकांच्या हाती हे लागलं असतं तर आठवडा रंगला असता. भिडेने फळ्यावर शुद्ध मराठीत नोटीस लावली असती, ती कोणालाच कळली नसती, चंपकचाचांनी अबोला धरला असता, जेठालाल मधल्या मध्ये चेपला असता आणि शेवटी माधवीच्या लोणच्यावर तह झाला असता. निरनिराळ्या भाषांची माणसं एका जिन्याने चढ-उतार करतात, हाच तर या मालिकेचा मूळ माल होता. तो माल समोर येऊन उभा राहिला आणि कोणी ओळखला नाही. ते वाक्य विनोद म्हणून लिहिलंच गेलं नव्हतं.

मग वेळीच थांबणं हा उपाय आहे का? आपल्याकडे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चं उदाहरण नेहमी देतात, आणि ते जोडीला ठेवण्यासारखं आहेही. तेही वृत्तपत्री लेखनातूनच आलेलं. दिलीप प्रभावळकरांच्या ‘लोकसत्ता’तल्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदेंनी 2001 साली ते अल्फा मराठीवर आणलं. घरातल्या माणसांच्या डायऱ्या, आठवड्याचा एक भाग, आणि लोकांना हवं असताना ते संपलं. पण थांबण्यात जादू असती तर ‘साराभाई वर्सेस साराभाई’ परत आल्यावर फसलं नसतं. 2004 साली स्टार वनवर आलेली ती मालिका दोन वर्षांत संपली, नंतरच्या पिढीने ती डोक्यावर घेतली, आणि 2017 मध्ये हॉटस्टारवर पुन्हा आली तेव्हा अकरा वर्षांची विश्रांती झालेली होती. लेखक ताजे, कलाकार तेच. तरी रोसेशच्या कविता आता कविता राहिल्या नव्हत्या, टाळीसाठी टाकलेल्या खुणा झाल्या होत्या. मोनिशाचा मध्यमवर्गीयपणा सासूला खरोखर टोचेनासा झाला होता. जेमतेम एक सीझन, पण लकबीच उरल्या. तेव्हा दोष नुसत्या भागांच्या संख्येचा नाही. प्रेक्षकांना काय आवडतं ते एकदा समजलं की लेखक पात्राकडे बघायचं सोडून प्रेक्षकांकडे बघायला लागतो. लांबण लागली की असं होण्याची शक्यता रोज थोडी वाढत जाते, एवढंच.

माझ्या बाजूने एक कबुली द्यायला हवी. मी दिवसभरात जेठालालचे निदान पाच मीम बघतो. पगार झाल्याचा चेहरा, मॅनेजरने शुक्रवारी संध्याकाळी मेसेज टाकल्याचा चेहरा. ते जवळजवळ सगळे जुन्या भागांतले असतात, आणि त्यांत गोष्ट नसते, फक्त चेहरा असतो. म्हणजे ज्या आटण्याबद्दल मी इतका वेळ तक्रार करतोय, ते काम फोनवर मीही करतोच आहे. फरक एवढाच की मीम आठ सेकंदांत संपतं. आणि दिलीप जोशींचा तो चेहरा आठ सेकंद एकटा तग धरतो, ही त्यांची ताकद. रोज वीस मिनिटं तो एकटा कशी तग धरणार?

आमची बिल्डिंग गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटला गेली. शेवटच्या मीटिंगला बाबा सेक्रेटरी नव्हते, आता तिथे ग्रुप अ‍ॅडमिन असतो. चुन्याच्या रेषा, नोटीस बोर्ड, गच्चीचं कुलूप, सगळं बुलडोझरखाली गेलं. आम्ही दोन स्टेशनं पलीकडे भाड्याच्या घरात आहोत. शेजारी कोण राहतं हे बाबांना अजून माहीत नाही. साडेआठला ताटं वाढली जातात.

परवा केबल गेली होती म्हणून मी फोनवरून टीव्हीला यूट्यूब जोडलं आणि पहिल्या वर्षांतला एक भाग लावला. भिडे सखारामला किक मारतोय. एक, दोन, पाच. स्कूटर ढिम्म. वर बाल्कनीतून कोणी बघत नाहीये ना, म्हणून तो मान वर करून बघतो, आणि अख्खी सोसायटी बघत असते. बाबांनी घास खाली ठेवला. ‘मेकॅनिकला द्यायचे नाहीत ना पैसे,’ ते म्हणाले, आणि मग त्यांना ठसका लागला. आई पाणी आणायला उठली.